नकाशे खुले झाले, पुढे?

२०१६ साली केंद्रीय गृहखात्याने एका विधेयकाचा मसुदा पुढे आणला होता. परवानगीशिवाय देशाची भूस्थानिक माहिती गोळा करणाऱ्याला किंवा चुकीची हद्द दाखवणाऱ्याला १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत तुरुंगवास, अशी त्यात तरतूद होती. पठाणकोटच्या हल्ल्यानंतरचे ते दिवस. गदारोळ उठला आणि मसुदा बासनात गेला. पाच वर्षांनी, १५ फेब्रुवारी २०२१ रोजी, त्याच केंद्र सरकारने नेमकी उलटी कोलांटी मारली. आता भारतीय कंपनीला नकाशा करायला परवानगी नको, परवाना नको, सुरक्षा-तपासणीही नको. नियम पाळल्याचं स्वतःच लिहून दिलं की झालं.

हा बदल केवढा मोठा होता हे कळायला जरा मागे जावं लागतं. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ची. तिच्याच छायेत वाढलेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन मोजणी करत करत मद्रासहून वर सरकला आणि १८२३मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. एवढी जुनी परंपरा, पण तिने काढलेला नकाशा नागरिकाच्या हाती पडणं मुश्कील. २००५च्या धोरणाने लष्करासाठी एक आणि लोकांसाठी एक अशा दोन मालिका केल्या, तरी अर्ज-विनंत्या सुटल्या नाहीत. गंमत अशी, की त्याच वर्षी गूगल मॅप्स जगापुढे आलं. धरणाचा सरकारी नकाशा मागणारा विद्यार्थी खेटे घालत होता आणि त्याच धरणाचं उपग्रहचित्र सायबर कॅफेत तासाच्या भाड्यात दिसत होतं. गुपित राखायचं तर निदान ते गुपित असायला हवं!

२०२१च्या नियमांत एक मेख मात्र आहे. आडव्या मापात एक मीटर आणि उभ्या मापात तीन मीटर यांहून बारीक अचूकतेची माहिती फक्त भारतीय कंपन्यांनी करायची. परदेशी कंपनीने ती त्यांच्याकडून वापरायला घ्यायची. रस्त्यावरून कॅमेऱ्याची गाडी फिरवायची तीही भारतीयांनीच. म्हणून गूगलचं स्ट्रीट व्ह्यू जुलै २०२२मध्ये आलं ते मुंबईच्या जेनेसिस आणि टेक महिंद्र यांच्या खांद्यावर बसून. २०११ साली हीच सेवा बंगळूरच्या पोलिसांनी थांबवली होती. पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक यांच्या पंगतीला अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, होतं, याचं नगरकरांइतकंच बाकीच्यांनाही आश्चर्य वाटलं असेल.

त्यानंतर धंद्यात जी हाणामारी झाली ती वाचायला मजेची आहे. जुलै २०२४मध्ये ओलाने गूगल मॅप्स सोडून स्वतःचे नकाशे वापरायला घेतले आणि वर्षाला १०० कोटी वाचणार असल्याचं सांगितलं. त्याच महिन्यात मॅपमायइंडियाने, आमची माहिती उचलली, अशी नोटीस ओलाला धाडली. ओलाने आरोप नाकारला. गूगलने १ ऑगस्टपासून भारतातले दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले आणि बिल रुपयांत भरायची सोय केली. जगाच्या पातळीवरही हेच चित्र: गूगलला एकट्याने तोंड देणं जमत नाही म्हणून अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी डिसेंबर २०२२मध्ये ‘ओव्हरचर’ नावाची संस्था काढून खुल्या नकाशाचा सामाईक साठा उभारायला घेतला. त्यात स्टीव्ह कोस्टने २००४मध्ये सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे हजारो हौशी लोकांच्या फुकटच्या मेहनतीची, भर मोठी आहे.

या स्पर्धेतून आपल्याला स्वस्त आणि देशी सेवा मिळाली, हे खरंच. पण ही सगळी धावपळ जिथे गिऱ्हाईक आहे तिथे. फ्लायओव्हरवर चढायचं की खालून जायचं, हे फोन आता सांगतो. शेताचा बांध कुठे आणि कुठला साकव पाण्याखाली आहे, हे सांगण्यात कुणाचा पैसा सुटत नाही. माझं गाऱ्हाणं इथूनच सुरू होतं.

बांधापुरतं बोलायचं तर सरकारने बरंच केलं आहे. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो; पिढ्यान् पिढ्या राहतं घर, पण बँकेपुढे ठेवायला कागद नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि एप्रिल २०२०मध्ये ‘स्वामित्व’ योजना देशभर जाहीर झाली. १८ जानेवारी २०२५ला एकाच दिवशी ६५ लाखांवर मिळकतपत्रिका वाटल्या गेल्या. शहरांसाठी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत १५२ नगरपालिका-महापालिकांत ‘नक्शा’ हा प्रकल्प निघाला.

शेतीच्या मोजणीत साखळी आणि प्लेन टेबल जाऊन रोव्हर, म्हणजे उपग्रहाचे संदेश टिपणारं काठीवरचं यंत्र, आला. भूकरमापक काठी जमिनीवर टेकवतो, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणतो आणि हातातल्या पडद्यावर ‘फिक्स’ असं उमटेपर्यंत थांबतो. उपग्रहाच्या संदेशातली चूक सर्व्हे ऑफ इंडियाची ‘कॉर्स’ स्थानकं दुरुस्त करतात. ती दुरुस्ती मोबाइलच्या जाळ्यावरून येते, त्यामुळे डोंगरकपारीत रेंज गेली की काठी धरून ताटकळावं लागतं. रेंज असली तर काही सेंटिमीटरच्या आत बिंदू मिळतो. दोन्हीकडचे भाऊबंद श्वास रोखून बघत असतात.

आणि भांडण तिथेच जुंपतं. उपग्रह सांगतो ते काठी कुठे आहे. हद्द कुठे आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार? ती जुन्या टिपणात आणि फाळणी नकाशात आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात १८३५-३६ पासून बसवलेल्या पद्धतीची ही परंपरा. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि लांबी-रुंदीला एकेक साखळी म्हणजे एक गुंठा. उन्हात ताणलेल्या साखळीने घेतलेलं माप, मग कागदाचा जीर्णपणा, मग वाटण्या. असा नकाशा सेंटिमीटरच्या यंत्रावर चढवला की कुणाचा तरी बांध सरकणारच. ज्याचा सरकला तो ‘मशीन चुकीचं आहे’ म्हणतो आणि वरच्या मोजणीला जातो. यंत्रापेक्षा जुन्या अभिलेखांची छाननी आणि ती करणारी माणसं यांवर खर्च व्हायला हवा, असं मला वाटतं. पण ड्रोनचा फोटो पेपरात छापून येतो, टिपणाचा येत नाही.

पत्त्यांचंही तसंच. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर पोस्टात अधिकारी आणि संस्कृतात कवी. मे २०२५मध्ये टपाल खात्याने त्यापुढची पायरी म्हणून ‘डिजिपिन’ आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या मदतीने अख्ख्या देशाचे सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दहा अक्षरांची खूण दिली. मेळघाटातल्या पाड्याला, जिथे घरनंबरच नाही, हे वरदान ठरू शकतं. परळच्या टॉवरमध्ये मात्र तिसऱ्या आणि तेहतिसाव्या मजल्याचा डिजिपिन एकच, कारण त्यात उंचीचा हिशेब नाही. वॉचमनला विचारणं सुटत नाही.

हे झालं गैरसोयीचं. जीव जातो ती गोष्ट वेगळी. जानेवारी २०२१मध्ये कळसूबाईला निघालेली पुण्याची एक गाडी रात्री नकाशाच्या भरवशावर अकोले तालुक्यातल्या पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि एक जण दगावला. त्या रस्त्यावरचा पूल धरणाचं पाणी चढलं की बुडतो, हे आसपासच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. तिथे पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला आणि गूगल मॅप्सच्या अधिकाऱ्यालाही त्यात गोवलं. कंपनीवर राग काढणं सोपं आहे. पण पूल बंद झाल्याचं तिला कळवलं कुणी?

डिसेंबर २०२२च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात पायाभूत माहितीचे १४ विषय ठरवले आहेत, त्यांची जबाबदारी वेगवेगळ्या खात्यांवर टाकली आहे, आणि २०३०पर्यंत गावं-शहरं ५ ते १० सेंटिमीटरच्या बारकाव्याने नकाशावर आणण्याचं उद्दिष्ट आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात त्यासाठीच्या मोहिमेला १०० कोटी ठेवले. एवढ्या बारकाव्याचा नकाशा झाला तरी पहिल्याच पावसाळ्यात तो शिळा होणार. धरणाचं पाणी कधी चढणार हे पाटबंधारे खात्याला आधी माहीत असतं. पूल बंद करायचा आदेश तहसीलदार किंवा बांधकामचा उपअभियंता काढतो. त्या आदेशाची प्रत पोलिसपाटलाला जाते, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते. तीच प्रत, अक्षांश-रेखांशासह, त्याच दिवशी सगळ्या नकाशा कंपन्यांना उचलता येईल अशा ठिकाणी टाकणं बंधनकारक करायला नवा उपग्रह लागत नाही, एका पानाचा शासननिर्णय पुरतो. कंपन्यांनी ती चोवीस तासांत नकाशावर चढवली नाही तर मग खुशाल गुन्हे नोंदवावेत.