गळती शोधण्याचे मोल

जुलैच्या पहाटे मालाडच्या फलाटावर घामाने आणि पावसाने चिंब होऊन लोकलची वाट पाहणाऱ्या माणसास बर्फाचे भय सांगितले, तर तो हसण्याचाच संभव अधिक. परंतु त्याच वेळी सांताक्रूझहून उडालेले जेट विमान थोड्याच मिनिटांत अशा उंचीवर पोचते, की जेथे याच पावसाळी ढगांतील थेंब गोठणबिंदूखाली गेलेले असतात. पावसाळ्यात मुंबईच्या आकाशात ही सीमा पाच किलोमीटरांच्या आसपास असते. असे थेंब पंखाच्या कडेवर आदळताच गोठतात, पंखाचा आकार बिघडतो आणि त्याची उचलण्याची शक्ती घटते. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये एका बोइंग ७३७ विमानाच्या इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा चालूच केली गेली नव्हती. गोठलेल्या नळीमुळे मापकाने इंजिनाचा जोर प्रत्यक्षाहून अधिक दाखविला, पंखांवरही बर्फ होता, आणि पोटोमॅक नदीवरील पुलाला धडकून विमान नदीत कोसळले. त्या दुर्घटनेत ७८ माणसे मृत्युमुखी पडली.

बर्फ रोखण्याचा उपाय तत्त्वतः सोपा आहे. इंजिनात दाबली जाणारी हवा अतिशय तापते. तिचा काही भाग, ज्याला या व्यवसायात ‘ब्लीड एअर’ म्हणतात, नळ्यांतून पंखाच्या पुढल्या कडेत खेळविला जातो. याच हवेवर प्रवासी कक्षातील दाबही अवलंबून असतो. नव्या बोइंग ७८७ विमानात या दोन्ही कामांसाठी विजेचा आश्रय घेतला आहे. पण मुंबईहून सुटणारी बहुसंख्य विमाने एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ या कुळांतील असून ती या गरम हवेवरच चालतात.

प्रश्न उद्भवतो तो ही हवा गळू लागली म्हणजे. सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाची हवा सांध्यातून निसटली, तर शेजारच्या विजेच्या तारा व ॲल्युमिनियमचा सांगाडा यांना ती घातक ठरते. म्हणून नळीच्या लगत एक संवेदक तार धावत असते. तिच्यातील क्षार थंड असताना वीज अडवितो व ठराविक उष्णतेला ती वाहू देतो. तेवढ्याने वैमानिकापुढे इशारा उमटतो. इशारा उमटला, की त्या बाजूची हवा बंद करावयाची. नळी निवल्यावर इशारा विझला, तर दोष त्याच बाजूस असल्याचा तर्क बळावतो.

परंतु तर्क म्हणजे निदान नव्हे. खरी कसोटी जमिनीवर लागते. शेपटीतील लहान साहाय्यक इंजिनाने नळ्यांत हवा भरावयाची, दाब टिकतो की ढळतो ते पाहावयाचे, बंद असावयाची झडप खरोखरच बंद आहे का ते तपासावयाचे, मग आवरणे उघडून करपलेले वेष्टन, रंग बदललेला पत्रा किंवा सैल पडलेली पकड शोधावयाची. कित्येकदा गळती नसतेच. संवेदक तारच चेपलेली असते, किंवा तिच्या जोडात ओल शिरलेली असते. तारेचा विद्युत्‌रोध मापल्यावाचून हा भेद कळत नाही. नेमका येथेच मोह होतो तो संशयित भाग बदलून मोकळे होण्याचा. चांगला भाग काढला जातो, दोष तसाच राहतो आणि दोन दिवसांनी तोच इशारा पुन्हा उमटतो.

हा मोह केवळ आळसाचा नव्हे. तो हिशोबाचा आहे. उभे राहिलेले विमान उत्पन्न देत नाही आणि त्याचे नुकसान तासागणिक दिसते. टळलेल्या अपघाताची नोंद मात्र कोणत्याही जमाखर्चात होत नाही. दृश्य खर्च आणि अदृश्य लाभ यांच्या झगड्यात पहिला जिंकतो, हा अर्थव्यवहाराचा जुनाच दोष होय.

यंत्राइतकीच माणसाची चूकही येथे महाग पडते. १४ ऑगस्ट २००५ रोजी ग्रीसमध्ये कोसळलेल्या सायप्रसच्या विमानात गळतीच्या चाचणीसाठी फिरविलेली दाबाची कळ मूळ जागी आणली गेली नाही, वैमानिकांच्याही ते ध्यानात आले नाही आणि विमानातील सर्व १२१ जण प्राणास मुकले. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात ब्लीड एअरची कळ चालू करावयाची राहून गेली. १६६ प्रवाशांपैकी सुमारे ३० जणांच्या नाकाकानांतून रक्त आले आणि विमान परतले.

देखभालीचा व्यवसाय देशात वाढावा म्हणून १ एप्रिल २०२० पासून त्यावरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. हे पाऊल योग्यच होते. तथापि करकपातीने कामाचे तास स्वस्त होतात. ते पुरेसे मिळतीलच असे नाही. विमान उड्डाणास योग्य असल्याची सही परवानाधारक अभियंता करतो आणि त्या सहीची जबाबदारी त्याच्यावरच राहते. मग ‘अजून एक तास द्या’ म्हणण्याचा अधिकारही निर्भयपणे त्याच्याकडे असावयास हवा. निदानाचा तास हा विलंब नसून उत्पादनच आहे, हे विमान कंपन्यांच्या हिशोबात उतरले पाहिजे.

रात्रपाळी संपवून लोकलने उपनगरात परतणाऱ्या तंत्रज्ञाने रात्रभरात काय केले, हे डब्यातील कोणासही ठाऊक नसते. त्याचे काम चोख झाले असेल, तर ते कोणाला कधी कळणारही नाही. म्हणूनच त्याचे मोल अपघाताची वाट न पाहता ठरविले गेले पाहिजे.