तुटलेला रूळ काय सांगतो?

आपल्या बेने इस्राएल घरांत रेल्वेची नोकरी नवी नाही. गाडी स्टेशनात थांबली की चाकांवर हातोडी मारत जाणारे लोक वडीलधाऱ्यांना आठवत असतील. आवाज बद्द आला, म्हणजे चाकात चीर.

पण लोखंड तुटूनच गेलं तर? 17 ऑक्टोबर 2000 ला, सुक्कोथच्या दिवसांत, लंडनहून लीड्सला निघालेली गाडी हॅटफिल्डजवळच्या वळणावर घसरली. 4 माणसं गेली. रुळाचे 300 हून जास्त तुकडे झाले होते. घातपाताची शंकाही आधी आली. पण उत्तर त्या तुकड्यांतच होतं.

धातू एका झटक्यात तुटला तर तुटलेली बाजू ताजी, खरखरीत दिसते. रोजच्या भाराने हळूहळू चिरत गेला तर ती गुळगुळीत असते, आणि तिच्यावर बहुतेकदा वळणदार रेषा असतात. ओहोटीचं पाणी नवगावच्या वाळूवर सोडून जातं ना, तशाच. त्या जिथून पसरतात, तिथे चिरेचं मूळ. त्याहून बारीक रेषा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. म्हणूनच तुकडे एकमेकांना जुळवून पाहायचे नाहीत. घासले की खूण गेली. (हा मोह मात्र सगळ्यांनाच होतो!)

हॅटफिल्डच्या रुळाला आतल्या कडेला, चाकांच्या सततच्या दाबाने, जुन्या चिरा पडलेल्या होत्या. त्या आधी कळल्याही होत्या. बदलायचा नवा रूळ कित्येक महिने तिथेच बाजूला पडून होता.