विजेने भाजल्यावर कातडीखाली काय होते?

बेगम बाजारच्या गल्लीत मान वर केली की आभाळाआधी तारा दिसतात. गोदामांचे सज्जे आणि लोखंडी शिड्या त्यांच्या अगदी जवळ. 2025 च्या ऑगस्टमध्ये याच शहरात, रामंतापूर येथे, जन्माष्टमीच्या रथाला विजेच्या तारेचा स्पर्श होऊन पाच जण दगावले. अशा अपघातातून जो वाचतो, त्याच्याविषयी सभासद कुटुंबांना काही माहिती असणे जरूर आहे.

तेलाने किंवा ज्वाळेने भाजलेले वरून दिसते. विजेचे तसे नाही. तळहातावर रुपयाएवढा काळा डाग, तळपायावर दुसरा. घरचे म्हणतात, थोडक्यात निभावले! परंतु प्रवाह एका डागातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडलेला असतो, आणि वाटेवरचे स्नायू, रक्तवाहिन्या व मज्जातंतू आतल्या आत भाजलेले असतात. हाडाचा विजेला विरोध पुष्कळ, म्हणून तेथे उष्णता अधिक. (विजेची शेगडी तापते तीही याच नियमाने.) हाडालगतचे मांस शिजते, वरचे मात्र चांगले दिसते.

पुढे हा स्नायू सुजतो. त्याभोवतीचे आवरण चिवट. ते ताणत नाही. आतला दाब वाढून रक्ताची वाट बंद होते. हात दगडासारखा कठीण होणे, बोटे सरळ करताना असह्य कळ, मुंग्या, बधिरपणा ही त्याची लक्षणे. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. दाब वाढल्यावरही ती लागू शकते. डॉक्टर मग ते आवरण लांबवर चिरून मोकळे करतात. ती चीर ऐकूनच नातेवाईक सही करायला कचरतात. इकडे रक्त तुटलेला स्नायू सुमारे सहा तासांत कायमचा मरू लागतो, आणि मग हात कापण्याची पाळी येते. मेलेले मांस पहिल्या दिवशी पुरते ओळखू येत नाही. म्हणून एक-दोन दिवसांनी रोग्याला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी नेतात. पहिली बिघडली, असा त्याचा अर्थ नव्हे.

मेलेल्या स्नायूतील लाल द्रव्य मूत्रपिंडात अडकते. 1941 मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या रोग्यांची मूत्रपिंडे अशीच बंद पडल्याचे बायवॉटर्स व बील यांनी नोंदविले. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर ताबडतोब सांगावे. शिरेतून भरपूर पाणी देऊन मूत्रपिंडे वाचविता येतात.

घरात धक्का बसल्यास आधी मेन स्विच बंद करावा, मगच माणसाला हात लावावा. रस्त्यावरच्या मोठ्या तारेजवळ तर वीज खात्याने प्रवाह तोडल्याखेरीज जाऊच नये. सूज येण्यापूर्वी अंगठ्या व बांगड्या उतरवाव्यात. डाग लहान असला तरी अफझलगंजचे उस्मानिया रुग्णालय जवळ आहे. तेथे हृदयाचा आलेखही काढून घ्यावा.