‘वरचे दूध’ : शिशुआहारातील काही शब्दांचा विचार

तान्ह्या मुलाच्या दुधाचे वर्गीकरण मराठी घरांनी दोनच शब्दांत केलेले आहे : ‘अंगावरचे’ आणि ‘वरचे’. यांपैकी दुसऱ्या शब्दातील ‘वर’ हा वरखर्च, वरकमाई या शब्दांतील ‘वर’ होय. मुख्य वस्तूखेरीज, तिच्या जोडीला येणारे, असा त्याचा भाव आहे. आईचे दूध मुख्य आणि बाकीचे सारे जोडीचे, हा निवाडा भाषेने पूर्वीच देऊन ठेवला, असे म्हणावयास हरकत नाही. शास्त्रालाही तो मान्य आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि पुढे इतर अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ ते चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

भाषेची ही समज सर्वत्र टिकलेली नाही. ‘चीक’ म्हणजे झाडाचा चिकट स्राव. व्यालेल्या गाईम्हशींचे पहिले दाट दूधही चीकच. त्याचा खरवस ज्या घरांत आवडीने वाटला जाई, त्यांतील कित्येक घरांत बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध मात्र जड म्हणून पिळून टाकले जाई. रोगप्रतिकारक द्रव्ये सर्वांत अधिक याच दुधात असतात.

‘वरचे’ या शब्दाचा खरा दोष असा की, तो गाय, म्हैस, शेळी आणि डबा यांना एकाच राशीत घालतो. आईच्या शंभर मिलिलिटर दुधात स्निग्धांश सुमारे ४ ग्रॅम, प्रथिने सुमारे १ ग्रॅम आणि दुग्धशर्करा सुमारे ७ ग्रॅम असते. गाईच्या दुधात स्निग्धांश जवळजवळ तितकाच असला, तरी प्रथिने तिपटीहून अधिक असतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ७ ग्रॅमच्या आसपास, प्रथिने सुमारे ४ आणि शर्करा सुमारे ५ ग्रॅम भरते. म्हशीचे दूध ‘पेलत नाही’ म्हणून त्यात तितकेच पाणी घालण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे स्निग्धांश आईच्या दुधाजवळ येतो खरा. परंतु प्रथिने तरीही दुप्पट राहतात आणि शर्करा तिसऱ्या हिश्श्याजवळ घसरते. चमचाभर साखर घातल्याने गोडी येते, पण लोहाची उणीव भरून निघत नाही. आणि पाणी उकळलेले नसेल तर अतिसाराचे भय वेगळेच.

आईचे दूध मिळणे शक्यच नसेल, तर सहा महिन्यांच्या आतील मुलास वैद्याच्या सल्ल्याने खास शिशूंसाठी बनविलेली भुकटीच द्यावी लागते. येथे ‘डब्याचे दूध’ हा शब्द घात करतो. शिशूंची भुकटी, चहासाठीची दुधाची भुकटी आणि चाळीस टक्क्यांहून अधिक साखर असलेले आटीव गोड दूध ही तिन्ही डब्यांतच येतात, आणि बोलण्यात तिन्ही ‘दूध’च ठरतात. नावाची ही शक्ती कायद्याने मात्र ओळखली. शिशुदुधाच्या डब्यावर बालकाचे वा स्त्रीचे चित्र असू नये, तसेच ‘ह्युमनाइज्ड’, ‘मॅटर्नलाइज्ड’ यांसारखे शब्द छापू नयेत, असा निर्बंध भारतात १९९२ च्या अधिनियमाने घातला. एका विशेषणावर संसदेने बंदी घालावी, हे शब्दार्थाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

वर्ष उलटल्यानंतर मूल घरातले साधे दूध पिऊ लागते, आणि मग गाठ पडते ती पिशवीवरील शब्दांशी. ‘टोन्ड’ दुधाचा जन्म मुंबईचा. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि निःस्निग्ध दुधाची भुकटी मिसळून तेच दूध अधिक लोकांना स्वस्तात पुरविण्याची ही युक्ती १९४० नंतरच्या दशकात दारा खुरोडी यांनी अमलात आणली. हेतू स्तुत्य होता. मराठीत तो शब्द आला तो मात्र अर्थ बाहेरच ठेवून. त्यातही ‘डबल टोन्ड’ विशेष फसवे आहे. ‘डबल’ म्हटले की मराठी कानाला काहीतरी वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्षात टोन्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश असावा लागतो, तर डबल टोन्डमध्ये तो दीडच टक्का असतो. ‘फुल क्रीम’मध्ये तो किमान ६ टक्के असतो.

घरातील वडीलधाऱ्यांच्या हृदयविकारासाठी डबल टोन्ड पिशवी सुरू झाली, की दीड वर्षाच्या मुलाच्या पेल्यातही तीच ओतली जाते. दोनशे मिलिलिटरमागे फरक नऊ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे ऐंशी उष्मांकांचा पडतो. आईच्या दुधातील जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धांशातूनच येते. लहानशा पोटात अन्न मावते थोडे, आणि वाढ तर झपाट्याची. म्हणून दोन वर्षांच्या आत दुधातील स्निग्धांश तोडू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. विरजणासाठी साय काढून घेण्यास हरकत नाही, मात्र तिचे तूप त्याच मुलाच्या वरणभातावर परत आले पाहिजे!

‘स्नेह’ म्हणजे तेलतूप आणि मायाही. संस्कृतातून आलेली ही दुहेरी अर्थच्छटा मराठीने जपली आहे. केवळ तुपाने मात्र भागत नाही. शरीराला स्वतः बनविता न येणारी काही स्निग्धाम्ले तुपात अल्प असतात. ती करडई, शेंगदाणा, तीळ यांच्या तेलांतून आणि जवसातून मिळतात. तेव्हा मऊ भातावर तूप आणि शिजविलेल्या भाजीत थोडे तेल, ही जोडी योग्य होय. ‘वनस्पती तूप’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या विकला गेलेला पदार्थ मात्र तूप नव्हे. ते हायड्रोजनच्या योगाने थिजविलेले तेल. या प्रक्रियेत निर्माण होणारी ट्रान्स स्निग्धाम्ले हृदयास अपायकारक असल्यामुळे तेले व चरबीजन्य पदार्थांतील त्यांचे प्रमाण जानेवारी २०२२ पासून भारतात दोन टक्क्यांवर आणण्यात आले.