मेंदूतील दाहाची खूण नेमके काय सांगते?

मानवी मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो. ही ऊर्जा पुरविण्याचे काम पेशींमधील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया करतात. अन्नातील ऊर्जेचे एटीपी या रेणूत रूपांतर करणाऱ्या या केंद्रांच्या बाह्य आवरणात ‘टीएसपीओ’ नावाचे एक छोटे प्रथिन असते. मेंदूविकारांच्या संशोधनात त्याला मोठे महत्त्व आले आहे.

या प्रथिनाचा शोध काहीसा योगायोगानेच लागला. डायझेपाम हे चिंताशामक औषध मेंदूत कोठे चिकटते, याचा अभ्यास क्लाउस ब्रेस्ट्रप व रिचर्ड स्क्वायर्स करीत होते. १९७७ मध्ये त्यांना उंदरांच्या मूत्रपिंडातही औषध चिकटण्याच्या जागा आढळल्या. पुढे त्या तंतुकणिकांवर असल्याचे स्पष्ट झाले. २००६ मध्ये या प्रथिनाला सध्याचे नाव मिळाले.

निरोगी मेंदूत टीएसपीओचे प्रमाण कमी असते. इजा किंवा आजार झालेल्या भागात मात्र ते वाढते, विशेषतः मायक्रोग्लिया या रक्षक पेशींमध्ये. त्यामुळे या प्रथिनाला चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ अल्प मात्रेत टोचून ‘पेट स्कॅन’ काढला, की जिवंत माणसाच्या मेंदूतील दाह पाहता येतो, असे मानले जाऊ लागले. अल्झायमर, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा अनेक विकारांत ही पद्धत वापरली गेली.

या प्रथिनाचे नेमके कार्य काय, हा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. संप्रेरकांच्या निर्मितीसाठी कोलेस्टेरॉल तंतुकणिकांत नेणे हेच त्याचे काम, असा दीर्घकाळ समज होता. २०१४ मध्ये हे प्रथिन जनुकीय बदलाने काढून टाकलेले उंदीर निरोगी वाढल्याचे दिसले आणि त्या समजाला तडा गेला. त्याच वर्षीच्या एका प्रयोगात अशा उंदरांच्या मायक्रोग्लिया पेशी कमी एटीपी तयार करीत असल्याचे आढळले. टीएसपीओचा संबंध पेशीच्या ऊर्जाव्यवहाराशी असावा, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

स्कॅनचा अर्थ लावतानाही अडचणी आल्या. एका जनुकीय फरकामुळे काही व्यक्तींमध्ये नव्या पिढीतील अनेक किरणोत्सारी पदार्थ या प्रथिनाला कमी घट्ट चिकटतात. त्यामुळे तपासणीपूर्वी जनुकीय चाचणी आवश्यक ठरली. त्याहून मोठा धक्का २०२३ मध्ये बसला. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, उंदरांच्या मायक्रोग्लिया उत्तेजित झाल्या की त्यांच्यातील टीएसपीओ वाढते, माणसांत मात्र तसे घडत नाही. माणसाच्या स्कॅनमधील वाढ ही बहुधा त्या भागात पेशींची दाटी वाढल्याची खूण असते, त्या खवळल्याची नव्हे.

हा फरक केवळ शास्त्रीय काथ्याकूट नाही. दाह शमविणाऱ्या औषधाचा परिणाम याच स्कॅनने मोजला जात असेल, तर पेशी शांत होऊनही त्यांची संख्या कायम राहिल्यास चित्र बदलणार नाही आणि उपयुक्त औषधही निरुपयोगी ठरू शकेल. उंदरावरून माणसाचे अनुमान काढताना किती सावध राहावे लागते, याचा धडा या चिमुकल्या प्रथिनाने दिला आहे.