गिअर नसलेली सायकल कमी दर्जाची नसते



आमच्या रावेरच्या वस्तीतल्या महिला बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितले. मुलीला गिअरची सायकल घ्यायची होती. मुलगी नववीत. घरात साधी सायकल आहे, पण शाळेत पोहोचेपर्यंत पोर धापा टाकते. "गिअरची घेतली की दम लागणार नाही, असं दुकानदार म्हणतो," ताई म्हणाल्या. शिवाय वर्गातल्या मुली तिच्या सायकलीला 'डबा' म्हणतात, हे दुखणे वेगळेच.

आम्ही म्हटले, "ताई, कर्जाचं बघू. आधी मुलीला घेऊन या, आणि तिची सायकलही आणा."

त्या दोघींना तपासल्यावर काय निघाले ते शेवटी सांगतो. पण असा प्रश्न बऱ्याच घरांत आहे, म्हणून या वेळचे पान सायकलीवर.

गिअर म्हणजे नेमके काय?

पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चाकाला मिस्त्री चेनव्हील म्हणतात. मागच्या चाकावर लहान दातेरी चकती असते, ते फ्रीव्हील. आपल्या काळ्या सायकलीला पुढे बहुधा ४४ किंवा ४८ दात असतात आणि मागे १८. आता ४४ ला १८ ने भागा. उत्तर येते २.४४. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर, म्हणून एका फेरीत सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी १९ किलोमीटरच्या आसपास.

आपण हिला बिनगिअरची म्हणतो, पण खरे तर तिला एक गिअर असतोच. बदलता येत नाही, एवढेच.

गिअरच्या सायकलीला मागे लहानमोठ्या चकत्या असतात. चढावर मोठ्या चकतीवर चेन आणली की पायाला जोर कमी लागतो, पण त्याच अंतराला फेऱ्या जास्त माराव्या लागतात. गिअर अंगात ताकद भरत नाही. घरापासून शाळेपर्यंतचे काम तेवढेच राहते, ते कसे वाटून घ्यायचे एवढेच तो ठरवतो.

परवडत असूनही एकच गिअर का घेतात?

पुण्या-मुंबईत आणि परदेशात महागड्या सायकली घेऊ शकणारे कितीतरी लोक मुद्दाम एका गिअरची सायकल निवडतात. त्यांची कारणे ऐकली तर आपल्या आबांचीच आठवण येते.

पहिले कारण, बिघडायला काही नाही. गिअरच्या सायकलीला चेन ढकलणारा नाजूक हात असतो, त्याची तार असते, हँडलवर खटका असतो. सायकल एकदा त्या बाजूला पडली की हात वाकतो आणि चेन उतरू लागते. साधी सायकल पडली तर उचलायची आणि चालू लागायचे. तिची दुरुस्ती कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही करतो. गिअरच्या भागासाठी मात्र जळगाव-भुसावळला चक्कर पडते आणि तेवढ्यात एक रोजी बुडते.

दुसरे कारण, ती दणकट असते. एकाच चकतीची चेन रुंद असते आणि सरळ रेषेत चालते, म्हणून सावकाश झिजते. मागे चकत्यांची रास नसल्याने चाकाच्या दोन्ही बाजूंच्या तारांना सारखा ताण देता येतो. असे चाक ओझ्याखाली लवकर वाकडे होत नाही. केळीच्या बागेतून कॅरिअरवर चाऱ्याचा भारा आणणाऱ्याला हे सांगायला नको.

तिसरे कारण, तेवढ्याच पैशात चांगला माल मिळतो. स्वस्तातल्या गिअरच्या सायकलीत पैसा दिखाऊ भागांत जातो आणि रिम, ब्रेक, बेअरिंग हलके लावलेले असतात.

चौथे कारण, मन मोकळे राहते. गिअर बदलायचा विचार नाही. वारा समोरून आला तर जोर लावायचा, मागून आला तर आराम. पायांना एक लय सापडते आणि ती अंगवळणी पडते.

टूर डी फ्रान्स ही जगातली मोठी सायकल शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली. चालता चालता चेन बदलणारे गिअर त्या शर्यतीत १९३७ पर्यंत चालत नव्हते. तोवरचे शर्यतवीर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांच्या चकत्या लावत आणि घाट आला की उतरून चाक उलटे करून बसवत. एका गिअरवर त्यांनी डोंगर पार केले.

आपला मुलूख तर तापीकाठचा, सपाट. रावेरहून सावदा-फैजपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गिअर पुरतो. उत्तरेला सातपुड्यात पालच्या घाटाकडे रोज जायचे असेल तर गिअरचा खरा उपयोग आहे, तिथे तो जरूर घ्यावा. गरज पाहून घ्यावा, शेजाऱ्याकडे पाहून नव्हे.

फिक्स्ड सायकल: इथे सावध

एका गिअरच्या सायकलीचा दुसरा प्रकार म्हणजे फिक्स्ड. हिला फ्रीव्हील नसते. मागचे चाक आणि पायडल एकजीव असतात. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणारच, पाय थांबवता येत नाही. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर द्यायचा.

वेलोड्रोम म्हणजे उतरत्या कडांच्या गोल धावपट्टीवर अशाच सायकली चालतात. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात असा वेलोड्रोम आहे. तिथे सायकलीला ब्रेक नसतात. सगळे एकाच दिशेने, एकमेकांना खेटून जात असतात, आणि कुणी अचानक ब्रेक दाबला तर मागचे सगळे पडतील. जपानमधली केरिन ही शर्यत १९४८ पासून अशाच सायकलींवर चालते. पुढे न्यूयॉर्कसारख्या शहरांत कागदपत्रे पोहोचवणाऱ्या पोरांनी ही सायकल उचलली, कारण भाग कमी आणि खर्चही कमी. तिथून ती फॅशन झाली. सतत पायडल मारल्याने पाय गोल आणि एकसारखे फिरवायची सवय लागते, म्हणून काही खेळाडू सरावालाही ती वापरतात.

पण धावपट्टीवर समोरून ट्रॅक्टर येत नाही, म्हैस आडवी येत नाही. आपल्या ओळखीतल्या एका पोराने मोबाइलवर हे व्हिडिओ पाहिले, फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून घेतले आणि दोन्ही ब्रेक काढून टाकले. आठ दिवसांनी सायकल उलटी करून, चाक गरगर फिरवत तो चेन पुसत होता. फडके ओढले गेले आणि बोट चेन व दातांच्या मध्ये सापडले. फ्रीव्हील असते तर चाक फिरत राहूनही चेन थांबली असती. इथे चाकाच्या जोराने ती बोटासकट पुढे गेली. तर्जनीचे पहिले पेर गेले. पोरगा आयटीआयला आहे, त्याचे हातावरच पोट.

म्हणून ठाम सांगतो. फ्रीव्हीलला वेल्डिंग करू नका. खऱ्या फिक्स्ड हबला चकती सुटू नये म्हणून उलट्या आट्यांची वेगळी रिंग असते. साध्या हबवरचे वेल्डिंगचे फ्रीव्हील उलट्या जोराने आट्यांवरून सुटू शकते, आणि मग ब्रेकही नाही आणि पायाचा धरही नाही. सायकल कोणतीही असो, रस्त्यावर दोन्ही ब्रेक हवेतच. चेन साफ करताना फक्त पायडल हाताने सावकाश फिरवा. फिरत्या चाकाजवळ फडके नेऊ नका.

बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. भाग थेट बर्फात टाकू नका. हळद, माती, चुना काही लावू नका. तडक दवाखाना गाठा.

एका गिअरवर शरीर कसे जपावे?

सीटची उंची. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण सीट खाली घेतो. मग गुडघा फार वाकतो आणि वाटीच्या मागे दुखू लागते. भिंतीला धरून सीटवर बसा आणि टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना पंजा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. तोच योग्य.

दात. गुडघा दुखतो किंवा रोज ओझे असते, तर १८ ऐवजी २० दातांचे फ्रीव्हील बसवून घ्या. पायाला दहा टक्के जोर कमी लागतो. वेग थोडा कमी होतो, पण गुडघा टिकतो.

निघताना. पहिली पाच मिनिटे सावकाश. चढ फार वाटला तर उतरून चाला. त्यात कमीपणा नाही.

हृदय, बीपी, साखर. मोठ्या माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रम हवेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालवली की ते झाले. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढाच दम लागू द्या. छातीत दुखले, चक्कर आली तर जागीच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी बारा ते चार टाळा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली सोबत ठेवा. बीपी किंवा शुगर असेल तर आधी विचारून घ्या.

ओढणी, पदर आणि लहान लेकरांचे पाय. तिन्ही चाकात सापडतात. ओढणी कमरेला बांधा, चेन कव्हर काढू नका आणि कॅरिअरच्या बाजूंना जाळी लावून घ्या.

आणि ती मुलगी?

सायकलीच्या दोन्ही टायरांत हवा निम्मीच होती. ब्रेकचे एक रबर रिमला घासत होते. सीट पार खाली. पण मुख्य गोष्ट दुसरीच होती. मुलीच्या पापण्या आतून पांढऱ्या होत्या. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.२ निघाले. तिच्या वयाला ते किमान १२ हवे. रक्तच कमी असेल तर २१ गिअरची सायकल घेतली तरी दम लागणारच.

डॉक्टरांनी जंताची आणि लोहाची गोळी सुरू केली. आम्ही घरी जाऊन सांगितले की गोळीच्या आगेमागे चहा नको, जेवणात लिंबू असू द्या, आणि बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नका. मिस्त्रीने सीट वर केली, ब्रेक सारखे केले, २० दातांचे फ्रीव्हील बसवले. त्या खर्चाला कर्ज लागले नाही.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ वर आले. गोळ्या अजून चालू आहेत. सायकल तीच आहे. 'डबा' म्हणणाऱ्या मुलींपैकी एकीची गिअरची सायकल चेन अडकून महिनाभर घरी उभी होती, तेव्हा ती हिच्याच कॅरिअरवर बसून शाळेत जात होती.

तुमच्या घरात पोर धापा टाकत असेल तर दुकानात जाण्याआधी तिच्या पापण्या आतून पाहा. मग टायरातली हवा पाहा. गिअरचा विचार त्यानंतर.