बुडाखालची अक्षरं

आजीचे थोरले दीर बोटीवर होते. त्यांनी आणलेली चिनी मातीची एक पुतळी आमच्या रत्नागिरीच्या घरी काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं उभी होती. युरोपीय वेशातली बाई, घेरदार झगा, झग्याला लेसची झालर, डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली. घरात सगळे तिला ‘जर्मन बाहुली’ म्हणत. आजीच्या मागे ती माझ्याकडे आली. पुसायला म्हणून पालथी केली, तर बुडाखाली बारीक लाल अक्षरं होती: ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’.

जपानी मालावरची इंग्रजी अक्षरं बव्हंशी परक्या कायद्यांनी लिहवून घेतलेली आहेत. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं. १८९१ पासून जपानी कारखाने ‘निप्पॉन’ लिहू लागले. हा शब्द जपानी आहे, इंग्रजी नव्हे, असा निर्णय अमेरिकी जकात खात्यानं १९२१ मध्ये दिला आणि ‘जपान’ आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर देश दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात गेला, तेव्हा निर्यातीच्या मालावर ‘ऑक्युपाइड’ उमटलं. एप्रिल १९५२ मध्ये तो अंमल संपला. माझ्या पुतळीचा जन्म त्या मोजक्या वर्षांतला. मात्र अक्षरं नसली म्हणजे वस्तू १८९१ च्या आधीची, असं समजू नये. जपानमध्येच विकायच्या मालाला इंग्रजीची गरज नव्हती, आणि पुढच्या काळात चिकटवलेली कागदी लेबलं धुण्यापुसण्यात निघून गेली.

मग ती जर्मन का दिसते? याचं उत्तर नागोयाजवळच्या सेतो गावात आहे. तिथल्या भट्ट्या इतक्या जुन्या, की जपानीत भांड्याकुंड्यांना सरसकट ‘सेतोमोनो’, म्हणजे सेतोची वस्तू, म्हणतात. पण पोर्सेलिन, म्हणजे चिनी माती, तिथं उशिरा आलं. ती विद्या क्यूशू बेटावर होती. तिथल्या अरिता गावी सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोर्सेलिन भाजलं जात होतं. सेतोचा कारागीर कातो तामिकिची १८०४ मध्ये क्यूशूला गेला, शिकला आणि १८०७ मध्ये परतला. पुढं पहिल्या महायुद्धात जर्मनीची निर्यात थांबली, अमेरिकी दुकानांना पुतळ्या मिळेनात, आणि सेतोनं ती जागा घेतली. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या धर्तीच्या नर्तकी, मेंढपाळ, जोडपी तिथं घडू लागली. याला नुसती नक्कल म्हणायला माझं मन घेत नाही. झालरीसाठी खरी सुती लेस पातळ कालवलेल्या मातीत बुडवून कच्च्या पुतळीवर चुण्या घालत बसवायची. भट्टीत सूत जळून जातं, वीण तेवढी मातीत उरते. साचा एकच असला, तरी प्रत्येक चुणी कुणाच्या तरी बोटांनी घातलेली असते आणि त्या कारागिराचं नाव बुडाखाली नसतं. १९८५ नंतर येन महागला, परदेशी मागणी आटली आणि या धंद्याला उतरती कळा लागली.

आपल्या घरची वस्तू ओळखताना आधी माती पाहावी. पातळ भागामागे विजेरी धरली, की पोर्सेलिनमधून उजेड झिरपतो. जपानच्याच सात्सुमा भांड्यांची माती पिवळसर, झिलईत बारीक तड्यांचं जाळं. हाकाता बाहुली बिनझिलईची. ही दोन्ही पोर्सेलिन नव्हेत. शुभ्र, नितळ, कोरीव सिंह किंवा खेळती मुलं दिसली, तर हिरादो पोर्सेलिनची शक्यता तपासावी. कुतानी हाही जपानी भांड्यांचा एक प्रकार; ‘कुतानी’ म्हणजे नऊ दऱ्या. त्या नावाच्या दोन चित्राक्षरांची खूण कुतानी वस्तूच्या बुडाखाली सापडते. चिनी सम्राटाच्या काळाची खूण मात्र वस्तू चिनी असल्याचा पुरावा नाही. जुन्या चिनी भांड्यांच्या आदरापोटी जपानी कारागीरही ती लिहीत.

‘ऑक्युपाइड’ची खोटी अक्षरंही नंतर उठवली गेली. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापसाचा बोळा भिजवून हलकेच फिरवावा. भाजलेलं अक्षर हलत नाही, नुसता शिक्का पुसला जातो. दुरुस्तीवरचा रंगही त्यानं जाईल, म्हणून बोळा अक्षरापुरताच. दुरुस्ती अंधारात अतिनील दिव्याखाली पाहावी. नवा रंग सहसा वेगळा चमकतो.

किमतीबाबत लोकांची फार निराशा होते, म्हणून स्पष्ट लिहितो. अक्षरं काळ सांगतात, मोल सांगत नाहीत. ताब्यातल्या जपाननं पुतळ्या अमाप पाठवल्या, त्यामुळे लहानसहान नग स्वस्तातच जातात. आकार, रंगकाम, शाबूत बोटं, शाबूत लेस आणि जोडीतला दुसरा नग यांवर भाव ठरतो. विक्रेत्यानं सांगितलेला आकडा धरू नये. लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहावं. विम्यासाठी काढलेली किंमत विक्रीत मिळत नाही, हेही वाटणीला बसलेल्या भावंडांनी आधीच समजून घ्यावं.

माझ्या पुतळीला बाजारात फारसं काही येणार नाही. बोटं जोडून देतो असं एका कारागिरानं सांगितलं होतं. मी नको म्हटलं. परवा भिंगातून झालर पाहिली. जळून गेलेल्या सुताचा एकेक फेरा मोजता येत होता, आणि एका चुणीवर, माती ओली असताना दाबलेल्या अंगठ्याच्या रेषा होत्या.